अमेरिकेच्या यादवी युद्धात बायकांचं वजन: मंडळात काय सांगू?

६-५२_ची_लोकल

आमच्या लालबागच्या महिला मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणीतरी बोलतं. मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, मागच्या वेळी मोबाइलवरच्या फसवणुकीवर एक पोलीसबाई येऊन गेल्या. आता माझी पाळी. नोकरी सांभाळून मी इतिहासात एम. ए. करतेय हे कळल्यापासून अध्यक्षीणबाई मागे लागल्या होत्या, शेवटी हो म्हटलं. विषय दिलाय ‘अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि स्त्रिया’. फलकावर लिहूनही झालं.

नोट्समध्ये यावर दीड परिच्छेद आहे. जखमींची शुश्रूषा, कपडे शिवून पाठवणं, आणि मग ‘युद्धामुळे स्त्रियांमध्ये जागृती झाली’. कुठल्या स्त्रियांमध्ये, कशाची जागृती, पुढे काहीच नाही. परीक्षेत हे वाक्य चालतं. मंडळात नाही चालणार. समोर बसणाऱ्यांतल्या निम्म्या जणींनी ८२ चा गिरणी संप घर चालवत काढलाय. त्या तोंडावर विचारतात, “मग त्यांना मिळालं काय?”

मला खरंच कळत नाहीये ते हे की तेव्हा बायकांना मत नव्हतं, लग्नानंतर बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या नावावर व्यवहार करता येत नव्हता. मग राजकारणावर त्यांचं वजन पडलं ते कुठून? की ते नंतर कौतुकाने लिहिलेलं आहे? वीस मिनिटं आहेत, नंतर चहा-वडा. तारखांची यादी नको, सांगता येईल असं काहीतरी द्या.

---

परळ_व्हिलेज

क्लारा बार्टन सांगा. पेटंट कार्यालयात कारकून होती, गाड्या भरभरून सामान घेऊन थेट रणांगणावर गेली. पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस काढला. शिवाय पुरुषी वेशात लढलेल्या बायका आहेत. जेनी हॉजर्स नावाची एक जण अल्बर्ट कॅशियर म्हणून सैन्यात राहिली आणि युद्धानंतरही कित्येक वर्षं तशीच जगली. हे हमखास रंगतं.

---

शिधावाटप_निवृत्त

वर दिलंय ते खरंच आहे. पण तू विचारलंयस वजन कुठून आलं. त्याचं उत्तर रणांगणावर नाही मिळायचं, वाण्याच्या दुकानात मिळेल. माझी सगळी नोकरी शिधावाटप कार्यालयात गेली, खिडकीपलीकडच्या बायकांचे अर्ज वाचण्यात. त्यामुळे मला त्या युद्धातल्या बायकासुद्धा अर्जांतूनच दिसतात. त्यात माझा पक्षपात असेल, तो धरून वाच.

रिचमंडपासून सुरू कर. व्हर्जिनियातलं शहर, गुलामगिरी टिकवायला देशातून फुटून निघालेल्या बंडखोर दक्षिणेची राजधानी. युद्ध सुरू झालं १८६१ च्या एप्रिलमध्ये. दोन वर्षांत तिथली वस्ती दुपटीच्याही वर गेली. सैनिक, जखमी, निर्वासित, कारखान्यातले कामगार. एका लहान कुटुंबाचा आठवड्याचा किराणा १८६० मध्ये सहा-साडेसहा डॉलरात व्हायचा, तो १८६३ च्या जानेवारीत अडुसष्ट डॉलरवर गेल्याचं तिथल्याच वर्तमानपत्राने छापलं. नोटा सरकार छापत होतं, माल कुठून छापणार? त्यातच मार्चअखेर कायदा आला की सैन्यासाठी सरकार ठरवेल त्या भावाने धान्य उचलायचं. शेतकऱ्यांनी काय केलं असेल ते आपल्याला कुणी सांगायला नको. माल शहरात आणणंच कमी केलं.

आता महिनाभराच्या आतल्या तीन गोष्टी बघ. १३ मार्चला शहरातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळ्या काडतुसं भरणाऱ्या बायका आणि पोरी. २७ मार्चला दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी देशभर उपास आणि प्रार्थनेचा दिवस पाळायला लावला. ज्यांच्या घरात एरवीच चूल अर्धी पेटत होती त्यांना उपास सांगणं! आणि १ एप्रिलला ऑरेगन हिल भागातल्या एका चर्चमध्ये बायकांची सभा भरली. पुढारी मेरी जॅक्सन, बाजारात माल विकणारी, मुलगा सैन्यात. त्याला सोडवून आणायला तिने सरकारदरबारी खेटे घालून झाले होते. ठरलं असं की दुसऱ्या दिवशी गव्हर्नरकडे जायचं, सरकारी भावात धान्य मागायचं, नाही मिळालं तर घ्यायचं. पोरं घरी ठेवून यायचं हेही ठरलं.

२ एप्रिलला शेकडो बायका गव्हर्नर लेचर यांच्याकडे गेल्या. गव्हर्नरकडून हाती काही पडेना तशा तिथून बाजाराकडे वळल्या, कुऱ्हाडी घेऊन. दुकानं फोडली, पीठ, डुकराचं मांस, काही जणींनी जोडे आणि कापडही उचललं. (हे लपवू नकोस. दंगल म्हटली की धान्यापाशी थांबत नाही.) डेव्हिस स्वतः येऊन एका गाडीवर चढले, खिशातले होते नव्हते ते पैसे गर्दीत फेकले आणि घड्याळ काढून सांगितलं की पाच मिनिटांत पांगला नाहीत तर गोळीबार. बायका पांगल्या. पकडापकडी झाली, खटले चालले. दक्षिणेच्या सरकारने वर्तमानपत्रांना ही बातमी छापू नका म्हणून विनवलं, पण आठवड्याभरात ती न्यूयॉर्कच्या पेपरात होती.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढच्या दोन आठवड्यांतलं. रिचमंडच्या नगरपालिकेने गरिबांसाठी तिकिटं काढली. तपासणी करून तिकीट द्यायचं, ते दाखवून ठरलेल्या दुकानातून धान्य फुकट न्यायचं. दंगलीत होत्या त्यांना मात्र नाही. म्हणजे एकीकडे कोर्टात म्हणायचं की या गुंड बाया आहेत, भुकेचा प्रश्नच नव्हता, आणि दुसरीकडे गुपचूप रेशन सुरू करायचं. असा कारभार मी आतून पाहिलाय. ज्याने खिडकीवर आरडाओरडा केला त्याचं काम शेवटी, पण त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या वीस जणांचं काम दुपारच्या आत.

तुमच्या मंडळात ज्या साठीच्या पुढे असतील त्यांना इथे लाटणे मोर्चा आठवेल. १९७२ पासून पुढे मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या, थाळ्या-लाटणी वाजवत मंत्र्यांना गाठायच्या. माझी आई नायगावहून जायची, मला शाळेतून आल्यावर शेजारी जेवायला लागायचं. तिने थाळीही घरातली चांगली नेली नव्हती, चेपलेली नेली होती, मुद्दाम. फरक एवढाच की आईला मत होतं. रिचमंडच्या बायकांना तेही नव्हतं.

मग वजन कुठून? १८६२ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेने सक्तीची सैन्यभरती आणली. म्हणजे सरकार घरात शिरलं आणि कमावता माणूस घेऊन गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सूट दिली: ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम, तिथला एक गोरा पुरुष घरी राहू शकतो. तेव्हापासून लोक उघड बोलायला लागले की युद्ध श्रीमंतांचं आणि मरायला गरीब. आणि शेतकरी घरातल्या बायका, ज्यांनी आजवर तलाठ्याच्या तोडीच्या माणसालाही कधी पत्र लिहिलं नव्हतं, त्या गव्हर्नरला लिहायला लागल्या. त्या अर्जांत दया मागितलेली नाही. हिशेब मांडलेला आहे. माझा नवरा तुमच्याकडे आहे, घरात इतकी पोरं, मीठ नाही, मका इतक्याला झालाय, आता तुम्ही काय करता? सही करताना सैनिकाची बायको, सैनिकाची आई. त्या दिवसांत बायकोला सरकारशी थेट काही नातंच नव्हतं, जे काही ते नवऱ्यामार्फत. सरकारने नवरा नेला आणि ते नातं आपोआप तयार झालं.

उत्तर कॅरोलिनाच्या गव्हर्नर व्हान्स यांच्याकडे अशा पत्रांचा ढीग साचला. सॉल्झबरी गावात रिचमंडच्याही आधी, मार्चमध्येच, बायकांनी व्यापाऱ्यांची कोठारं उघडायला लावली होती. जॉर्जियात गव्हर्नर ब्राऊन यांना सैनिकांच्या घरी मीठ आणि मका पोचवायची व्यवस्था करावी लागली. आणि जे अर्ज कामाला आले नाहीत तीच पत्रं छावणीत नवऱ्याकडे गेली. पोरं उपाशी आहेत, ये. माणसं निघून आली. सैन्य आतून झिजलं त्यात या पत्रांचा वाटा होता.

आता उत्तरेकडे ये, तिथला नमुना वेगळा आहे. १८६३ च्या मेमध्ये न्यूयॉर्कला बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी बायकांचा राष्ट्रीय संघ काढला. लिंकन यांच्या त्या वर्षीच्या जाहीरनाम्याने गुलामगिरी सगळीकडची संपली नव्हती. बंडखोर मुलखापुरताच तो होता, म्हणून घटनादुरुस्ती हवी होती. मत नाही, पण अर्ज करायचा हक्क घटनेने दिलेला होता. मग सह्या. दारोदार जाऊन कागद भरायचे, सही करणाऱ्याकडून जमलं तर एक सेंट घ्यायचा, कागदाला कागद चिकटवून गुंडाळी करायची, प्रत्येक राज्याची वेगळी. ९ फेब्रुवारी १८६४ ला दोन उंच काळ्या गृहस्थांनी ती बोचकी सेनेटमध्ये खासदार चार्ल्स सम्नर यांच्या टेबलावर आणून ठेवली, एक लाख सह्या. ऑगस्टपर्यंत जवळपास चार लाख. पहिला गठ्ठा आल्यापासून दोन महिन्यांत, ८ एप्रिलला, सेनेटने गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. एकट्या सह्यांनी ती झाली असं म्हणू नकोस, सैन्य आणि निवडणुका होत्याच. पण ज्या खासदाराला ती पुढे रेटायची होती त्याच्या हातात वजनदार गठ्ठा होता. मी अर्जांच्या गठ्ठ्यांवर आयुष्य काढलंय. एक अर्ज फाइलीत जातो, गठ्ठा टेबलावर राहतो.

आणखी एक प्रसंग सांगच. १८६३ च्या शरदात शिकागोला मेरी लिव्हरमोर आणि जेन होज यांनी जखमींसाठी मोठी जत्रा भरवली. लिंकन यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा हाताने लिहिलेला मसुदा पाठवला, तो तीन हजार डॉलरला गेला. सगळ्या जत्रेची जमा ऐंशी हजारांच्या वर. त्या जत्रेसाठी एक तात्पुरती इमारत बांधून घ्यायची होती. पैसे यांनी उभे केलेले, आगाऊ द्यायला तयार. कंत्राटदार म्हणाला, तुमच्या सह्या कायद्याने चालत नाहीत, नवऱ्यांच्या आणा. लिव्हरमोरबाईंनी आठवणींत लिहिलंय की तिथेच त्यांनी ठरवलं, युद्ध संपलं की हा कायदा बदलायच्या मागे लागायचं. पुढे त्या मताधिकाराच्या चळवळीत नावाजल्या. तुझ्या नोट्समधली ‘जागृती’ ती हीच, कंत्राटाच्या कागदावर झालेली.

हे सांगताना थोडं थांब, बायका आपापलं सांगायला लागतील. संपाच्या वर्षी आमच्याकडे खिडकीवर रोज तेच. नवरा गावी निघून गेलेला, कार्ड त्याच्या नावावर, नाव कमी करायचं तर कुटुंबप्रमुखाची सही. एकजण सावंतवाडीहून नवऱ्याने सही करून पाठवलेला कागद घेऊन आली, घडी इतक्यांदा घातलेली की सहीवरच भोक पडलं होतं. तो कागद चालेना आणि ती हलेना. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आता घरातली वडील बाई कुटुंबप्रमुख झाली, तेव्हा मला लिव्हरमोरबाईच आठवल्या.

---

कॉटनग्रीन_पूर्व

विषयाला धरून नाही, पण मंडळ मुंबईतलं आहे म्हणून. त्या युद्धाचा पैसा आपल्या शहरात आलाय. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईतून गेला. तेव्हा कापसाचा बाजार कुलाब्याला होता, आमच्या स्टेशनाकडे नंतर आला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद त्याच तेजीतले, बॅक बेच्या भरावाचे शेअर त्याच तेजीतले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं तेही त्याचमुळे. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद यांच्या आईच्या नावाचा आहे. एका बाईचं नाव एवढं तरी त्या पैशातून उरलं.

---

वरळी_बीडीडी

शिधावाटपताईंचं लिखाण आवडलं, पण मंडळात ‘बायका’ असं सरसकट म्हणून सोडू नका. रिचमंडच्या दंगलीतल्या बायका गरीब होत्या, पण गोऱ्या. ज्या मळ्यांना वीस गुलामांची सूट होती, त्या वीसमध्येही बायका होत्याच. त्यांनी अर्ज लिहिले नाहीत, बऱ्याच राज्यांत त्यांना लिहायला शिकवणंच गुन्हा होता. त्यांनी पायांनी मत दिलं. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला, उत्तरेच्या सैन्याच्या किल्ल्यात, पहिले तीन गुलाम पुरुष पळून आले. सेनाधिकारी बटलर यांनी शत्रूची जप्त मालमत्ता म्हणून त्यांना ठेवून घेतलं. पुरुषांकडून खंदक खणून घेता येतात, म्हणून सैन्याला सोयीचं होतं. पण मागोमाग बायका पोरं कडेवर घेऊन यायला लागल्या. यांना काय म्हणायचं, खायला कुणी घालायचं, मालक न्यायला आला तर द्यायचं का? वॉशिंग्टनला धोरण बदलावं लागलं त्यात या येण्याचा मोठा हात होता. तिथेच लिंकनबाईंची शिवणकाम करणारी एलिझाबेथ केकली, स्वतः गुलामगिरीतून पैसे भरून सुटलेली, तिने १८६२ मध्ये या लोकांसाठी मदतसंस्था काढली.

हॅरिएट टबमन, गुलामगिरीतून पळून जाऊन इतरांना सोडवणाऱ्या, यांचं नाव ‘शूर’ म्हणून घेतात आणि सोडतात. २ जून १८६३ ला दक्षिण कॅरोलिनात कॉम्बाही नदीवर त्यांनी आधी हेर पाठवून माहिती काढली, पाण्यातले सुरुंग कुठे आहेत ते कळवलं, मग काळ्या सैनिकांच्या बोटींबरोबर स्वतः गेल्या. सातशेहून जास्त माणसं सोडवली. आणि निवृत्तिवेतन? आधी मिळालं ते सैनिक नवऱ्याची विधवा म्हणून, महिना आठ डॉलर. १८९९ मध्ये ते वीस केलं, परिचारिका म्हणून केलेलं काम धरून. हेर म्हणून काही नाही. सूझी किंग टेलर काळ्या पलटणीत सैनिकांना वाचायला शिकवत होत्या, जखमा बांधत होत्या, पगार शून्य.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. ज्योतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामगिरी संपवायला झीज सोसली त्यांना. त्या लोकांमध्ये सह्या गोळा करणाऱ्या बायका येतात की नाही? माझ्या मते येतात. पण याच स्टँटनबाई काही वर्षांनी, काळ्या पुरुषांना मत मिळतंय आणि आम्हाला नाही म्हटल्यावर, काय बोलल्या ते वाचून घ्या आणि मगच त्यांचा फोटो लावा.

---

६-५२_ची_लोकल

एका रात्रीत एवढं! रिचमंड पक्कं झालं. वरळीकर, तुमचं म्हणणं मान्य, फोर्ट मन्रो घेतेच. आता “मग त्यांना मिळालं काय” याला काय सांगू?

---

शिधावाटप_निवृत्त

वरळीकरांनी टबमनचं जे सांगितलं ते उत्तराच्या अगदी आधी ठेव, मी ते सोडायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण मला ते दुसऱ्या कुणी रागाने सांगितलेलंच जास्त बरं वाटलं.

मिळालं ते असं. नोकऱ्या मिळाल्या आणि टिकल्या. पुरुष सैन्यात गेले तेव्हा वॉशिंग्टनच्या कोषागारात स्पिनर नावाच्या खजिनदाराने नोटांचे छापील ताव कात्रीने कापायला बायका घेतल्या, १८६२ पासून. वर्षाला सहाशे डॉलर, पुरुष कारकुनाला दुप्पट. युद्ध संपलं तरी बायका त्या खुर्च्यांवरून उठल्या नाहीत. सरकारी कचेरीत बाई कारकून ही माझी जात तिथे रुजली म्हण. परिचारिकांना महिना बारा डॉलर पेन्शन, पण १८९२ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. धोबीण किंवा स्वयंपाकीण म्हणून ज्यांना नेमलं होतं, बहुतेक काळ्या, त्यांनी रुग्णालयातलंच काम केलं असलं तरी त्या बाहेर.

मत नाही मिळालं. उलट १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत मतदारांचा विषय आला तिथे ‘पुरुष’ असं घटनेत पहिल्यांदाच लिहिलं गेलं. १८७० च्या पंधराव्यात वंशावरून मत नाकारायला बंदी, लिंगाचा उल्लेख नाही. बायकांचं मत १९२० ला. स्टँटन आणि अँथनी दोघीही तोपर्यंत गेल्या होत्या. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना प्रत्यक्षात आणखी पंचेचाळीस वर्षं थांबावं लागलं.

तुमच्या बायकांना हे असंच सांग, गोड करू नकोस. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते त्या बघतायत, त्यांना हिशेब कळतो. आणि वेळ कमी पडला तर शिकागोची जत्रा आवर, कंत्राटदार तेवढा ठेव.

---

६-५२_ची_लोकल

ताई, तुम्हीच या ना शनिवारी. मी रिचमंडपर्यंत सांगते, पुढचं तुम्ही घ्या. वरळीकर, तुम्हीही. मंडळात पुरुषांना बंदी नाही, फक्त मागे बसावं लागतं.

---

शिधावाटप_निवृत्त

येईन. पण गणपती तोंडावर असतील तर शनिवार पुढे ढकल, भारतमाता थिएटरपाशी बसमधून उतरायलाही मिळत नाही. आणि मला वड्याबरोबर चहा बिनसाखरेचा.